ओ दिली नाही

सगळे झोपलेत. मला झोप येत नाहीये, आणि कारण इतकं फुटकळ आहे की नवऱ्याला उठवून सांगायचीही लाज वाटते.

बँक हॉलिडे म्हणून आज बर्नहॅम बीचेसच्या रानात गेलो. स्लाऊहून फार लांब नाही, तरी इतक्या वर्षांत राहूनच गेलं होतं. आईला लंडन दाखवून झालंय. राजवाडा, पूल, तो पाळणा, सगळीकडे ती तोंडदेखलं 'छान आहे' म्हणाली आणि बसायला बाक शोधला. त्यामुळे रानातही तासाभरात परत फिरायचं असं मी धरूनच चालले होते. साडीखाली माझे जुने स्पोर्ट्स शूज घालून ती गाडीतून उतरली आणि पहिल्याच म्हाताऱ्या बीचच्या झाडापाशी थांबली.

ती झाडं बघण्यासारखीच आहेत. बुटकं, फुगलेलं, आतून पोकळ खोड. आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वर गेलं की तिथून एकदम सगळ्या फांद्या फुटलेल्या. मी घरून वाचून गेले होते, म्हणून सुरू केलं. आई, ही झाडं मुद्दाम अशी छाटलेली आहेत. खाली गुरं चरायची, त्यांचं तोंड कोवळ्या फुटीला लागू नये म्हणून वरच तोडायचं. फूट आली, वाढली, की काही वर्षांनी पुन्हा. सगळं जळणासाठी. आणि गंमत म्हणजे...

"ह्यां तर कवळ तोडलेलां झाड," आई म्हणाली. मला नाही, माझ्या लेकीला, मनूला. मनूचा हात धरून ती पुढे चालायला लागली, आणि माझी गंमत माझ्याकडेच राहिली.

गंमत अशी होती की ज्याला कोणी हात लावला नाही तो बीच साधारण दोन-अडीचशे वर्षांत आटोपतो, आणि हे सारखे तोडून घेतलेले चारशेच्या पुढे गेलेत. असो.

तिथून पुढे त्या दोघी पुढे आणि मी मागे, डबे, पाणी आणि चार जॅकेटं घेऊन. ऐकू येत होतं ते तुकड्यातुकड्यांनी. थंडीत कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट फांद्या, तोडायला जायचं. ऐन, किंजळ. पुरुष माणसं कोयता घेऊन वर, बायकांनी खाली भारे बांधायचे आणि डोक्यावरून आणायचे. मग ते वाळवून तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागी भाजायचे. एवढं मलाही माहीत होतं. एका वर्षी मामाला ताप होता (मामाचं नाव किती दिवसांनी घेतलं तिने!) आणि आई स्वतः ऐनावर चढली. चौदा-पंधरा वर्षांची असेल. तोडून झाल्यावर ती उतरलीच नाही. वरून खाडी दिसत होती. खालून आजी हाका मारत होती, आणि आईने ओ दिली नाही. बसून राहिली.

"व्हाय?" मनूने विचारलं.

"बरां वाटत होतां," आई म्हणाली.

एवढंच. हे ऐकून मी त्या वाटेवर उभी राहिले आणि मला रडू आलं, तेही चांगलं नाही, रागाचं. पन्नास पावलांवर माझी आई माझ्या मुलीला ती गोष्ट सांगत होती, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. ती नऊ वर्षांची पोरगी, जिला मालवणी अर्धीच कळते, कवळ म्हणजे काय ते हातवारे करून सांगावं लागतं, तिला. माझी आई म्हणजे घरात कोणीही हाक मारली की हातातलं टाकून उठणारी. दारावर कोणी आलं, बाबांना पाणी हवं, माझी पेन्सिल सापडत नाही. झाडावर बसून ओ न देणारी कोणी मुलगी तिच्यात होती हे मला कोणी सांगायचं? आणि आता कळतंय ते मागून, चोरून ऐकल्यासारखं.

ड्रुइड्स ओक नावाच्या झाडापाशी आलो. आठशेच्या वर वर्षांचा सांगतात. आई हात जोडेल म्हणून मी मोबाइल काढून तयार होते. तिने नुसतं बघितलं आणि भोवतीच्या कुंपणाचं लाकूड कसलं आहे ते विचारलं. मुळांवर पाय पडून माती दबू नये म्हणून कुंपण, हे सांगायची संधी मी घेतली. मग तिने विचारलं, "हंय देव खंयचो?"

देव नाही, म्हटलं.

"मगे राखल्यान कोणी?"

आमच्या गावच्या देवराईत वाळकी काडी उचलायची तर गाऱ्हाणं घालावं लागतं, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, घरं बांधायला म्हणून हे रान विक्रीला निघालं होतं, ते १८८० साली लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने लोकांसाठी विकत घेतलं, आजही त्यांचंच आहे. "म्युन्शिपालटीन?" आई म्हणाली, आणि बराच वेळ हसली. इतक्या लांबच्या शहराची म्युनिसिपालटी येऊन रान राखते यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पडलेले ओंडके किड्यांसाठी, अळंब्यांसाठी मुद्दाम कुजत ठेवतात यावर तर नाहीच. एवढं जळण!

परतीच्या वाटेवर मी पुन्हा प्रयत्न केला. दोनशे वर्षांपूर्वी ही छाटणी बंद पडली, फांद्या वजनदार झाल्या, झाडं उकलायला लागली. आता पुन्हा तोडतात, पण थोडं थोडं, कारण इतक्या वर्षांनी एकदम सगळं तोडलं तर म्हातारं झाड सोसत नाही. आईने मान डोलावली. ऐनाला पण शेंड्याकडे दोन फांद्या ठेवायच्या, म्हणाली. आम्ही दोघी थोडा वेळ झाडांच्या तब्येतीबद्दल बोललो. तिच्या तब्येतीबद्दल बोलायचं होतं, ती फाइल गाडीतच होती. राहिलं.

रात्री भांडी लावताना शेवटी विचारलंच. आई, मला का नाही सांगितलंस कधी, ते झाडावर बसल्याचं?

"काय सांगूचां त्यात?" म्हणाली. आणि मग ताटं पुसता पुसता, "तू चढली असतीस."

झालं. याच्यावर काय बोलणार? चढले असते, हे खरंच आहे. उतरले नसते, हेही खरं. सात समुद्र ओलांडून इथे येऊन बसलेय, आणि फोनवर तिच्या हाका ऐकू येत नाहीत असं किती वेळा केलंय ते तिलाही माहीत आहे. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की ही खोड नेमकी कुठून आली ते आज समजलं.

तरी मनूचा हेवा पूर्ण गेलेला नाही. ती गोष्ट तिने जेवताना बाबाला सांगितली. तिच्या गोष्टीत आजी उतरली नाही, कारण खाली वाघ बसला होता. मी आईकडे बघितलं, निदान हे तरी दुरुस्त करेल म्हणून. आईने शांतपणे भात कालवला आणि म्हणाली, "एक नाय गो, दोन होते."