तुम्ही विचारलंत म्हणून: खोडदला उन्हात कशाला?

फेब्रुवारी लागला की कुणी ना कुणी विचारतंच. "सर, संशोधन सोडून दोन दिवस खोडदला उन्हात काय करता? त्या लोकांना कळतं तरी का?"

मी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात काम करतो. आमची दुर्बीण, जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते; ती जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती सगळ्यांना बघायला खुली असते. एसटीने, ट्रॅक्टरने, शाळेच्या सहलीने माणसं येतात. नारायणगावसारख्या तमाशाच्या पंढरीशेजारी अवकाशातल्या हायड्रोजनवर गर्दी जमवायची म्हणजे चेष्टा नाही.

पहिल्या वर्षी मी आलेख असलेला तक्ता लावला होता. लोक बघायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या टेबलावरच्या चुंबकाकडे जायचे. दुपारी एक आजोबा थांबले. तक्त्याकडे ढुंकूनही न बघता तबकडीकडे बोट केलं. "ही तर नुसती जाळी. पाऊस खाली पडतो, वारा आरपार जातो. मग अडकतं काय हिच्यात?"

इतका नेमका प्रश्न मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा कुणी विचारला नव्हता. उत्तर मला येत होतं, पण ते समीकरणात. सांगायला पाच मिनिटं चाचपडलो. शेवटी म्हटलं, अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी रेडिओ लहर वीतभर लांब, २१ सेंटिमीटर. जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं. लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच. म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर भागतं; वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप, त्यांची ही सगळी करामत. आजोबा म्हणाले, "म्हणजे दाणा मोठा, चाळण बारीक." तक्ता मी त्याच संध्याकाळी गुंडाळला. वर्गात आता चाळणीपासूनच सुरुवात करतो.

आणि कळतं का म्हणाल, तर त्यांना कळण्याचा आमच्यापेक्षा जास्त हक्क आहे. भोवती कुठले कारखाने येऊ द्यायचे यावर दुर्बिणीपायी बंधनं आहेत. ती आम्ही नाही, त्या गावांनी सोसली. "तुमच्या छत्र्यांनी पाऊस पळतो" असं कुणी म्हणालं की पूर्वी मला हसू यायचं. आता शांतपणे सांगतो, ह्या काही सोडत नाहीत, नुसत्या ऐकतात.

त्या आजोबांनाही तेव्हा हेच सांगितलं होतं. त्यांनी लगेच विचारलं, "मोटारसायकलीचं पण ऐकू येतं?"

येतं की. प्लगची ठिणगी पडली की तिच्यातूनही रेडिओ लहरी निघतात.

जाताना त्यांनी गाडी चालू केली नाही, फाटकापर्यंत ढकलत नेली. पाहुण्यांच्या गर्दीत एवढ्याची गरज नव्हती. पण मी काही बोललो नाही.