काचेआडचा घोटा

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरी गेलात तर बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट दिसतंच. वरच्या खणात अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि कुणाच्या तरी निवृत्तीचं मानचिन्ह. मधल्या खणात मात्र अलीकडे नवी मंडळी घुसलेली दिसतात: ढाल घेतलेला कॅप्टन अमेरिका, दोन स्पायडरमॅन, एक बॅटमॅन, आणि जागा अडवून बसलेला हल्क. आजी त्यांना सरसकट ‘बाहुले’ म्हणते आणि नातू चिडतो.

आजीचं चूक काहीच नाही. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या धास्तीने कंपनीने ‘डॉल’ शब्द टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नाव रूढ केलं. मराठीला ही अडचण कधी आलीच नाही. आपल्याकडे बाहुलीच्या शेजारी बाहुला पहिल्यापासून उभा आहे.

पुतळा आणि फिगर यांत फरक सांध्यांचा. कपाटात सर्रास दिसते ती सहा इंची फिगर, म्हणजे १:१२ मापाची. हिशेब सोपा आहे: माणसाचा एक फूट म्हणजे फिगरचा एक इंच. सहा फुटी नायक सहा इंचांचा, आणि हल्क आठ इंचांच्या खाली असला तर काहीतरी गडबड आहे असं समजावं. चांगल्या सहा इंची फिगरला तीसच्या आसपास सांधे असतात. खांद्यात गोळा आणि बिजागरी एकत्र, दंडात फिरकी, कोपर आणि गुडघा दुहेरी, पोटात पुढे-मागे वाकणारा सांधा, मांडीत आणखी एक फिरकी. यातला सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत महत्त्वाचा सांधा म्हणजे घोटा. तो पुढे-मागे तर हललाच पाहिजे, पण डावी-उजवीकडेही कलला पाहिजे. हे दुसरं कलणं नसेल तर पाय फाकवले की तळवे आतल्या कडेवर उभे राहतात, आणि कितीही शूर वीर असला तरी तो चिखलातून चालल्यासारखा दिसतो. दुकानात खोका हातात आला की आधी चेहऱ्याचा रंग बघतात सगळे. घोटा बघावा.

पोज द्यायची ती पायांपासून. बहुतेक जण हातांपासून सुरुवात करतात आणि शेवटी फिगर भिंतीला टेकवून ठेवतात. आधी दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवायचे, मग गुडघे किंचित मोडायचे. ताठ गुडघ्यावर फिगर उभी राहते पण जिवंत दिसत नाही. मग कंबर एका बाजूला, छाती दुसऱ्या बाजूला, मान पुन्हा पहिल्या बाजूला. हा आपला त्रिभंगच. बडोद्यात १९५० पासून ललितकलेची फॅकल्टी आहे. तिथल्या शिल्पकलेच्या कुणालाही विचारा, वजन एका पायावर टाकलं की दुसरी कंबर आपोआप का खाली येते ते तो उभा राहून दाखवेल. हात सगळ्यांत शेवटी. समोरून पाहताना डोक्यापासून खाली सोडलेला ओळंबा दोन्ही तळव्यांच्या मधे पडायला हवा. बाहेर पडला तर स्टँड लावा, हट्ट करू नका. हात खाली सोडून सरळ उभं करण्याला संग्राहक ‘म्युझियम पोज’ म्हणतात. त्यात एक शान आहे, पण स्पायडरमॅनला तसं उभं केलं की तो रेशनच्या रांगेत थांबल्यासारखा वाटतो.

मांडणीचं शास्त्र आपल्याकडे आयतं आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास जिने लावली आहे तिला पायऱ्यांचं गणित शिकवावं लागत नाही. मागच्या रांगेला दोन ते अडीच इंचांची पायरी द्यावी, म्हणजे मागच्यांची छाती आणि डोकं दिसतं. पायरीची खोली किमान तीन इंच हवी, नाहीतर फाकवलेला पाय कडेबाहेर लोंबतो. दोन खणांमधली उंची नऊ-दहा इंच ठेवा. सहा इंचांची फिगर हात वर करते तेव्हा ती सहा इंचांची राहत नाही.

बडोद्यातला खरा खलनायक मे महिन्यात येतो. फिगरचा बराचसा भाग पीव्हीसी या मऊ प्लॅस्टिकचा असतो; जिथे कडकपणा लागतो तिथे एबीएस हे टणक प्लॅस्टिक. पारा चाळिशीच्या वर जातो, पश्चिमेच्या भिंतीलगतचं बंद कपाट दुपारभर तापतं, आणि बारीक घोट्यांवर उभी असलेली फिगर रोज केसभर पुढे झुकत जाते. प्लॅस्टिक वितळत नाही, नुसतं मऊ होतं आणि वजनाखाली सावकाश सरकतं. मग एका रात्री दोन वाजता खणात धाडकन आवाज होतो, आणि सकाळी पुढच्या रांगेतले सगळे एकमेकांवर पालथे सापडतात. मांजराला उगाच बोलणी बसतात.

वाकलेला पाय किंवा तलवार सरळ करणं अवघड नाही. चहाच्या पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, मग वाकलेला भाग अर्धा ते एक मिनिट बुडवा. बरेचदा तो आपणहून सरळ होतो, कारण साच्यातून तो सरळच निघालेला असतो; वाकडा झालेला असतो खोक्यात दाबून भरल्यामुळे. राहिलेला बाक बोटांनी काढा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात मिनिटभर धरा. ही शेवटची पायरी गाळली तर निवताना तो पुन्हा वाकतो. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका, रंग सुटतो.

घट्ट बसलेल्या सांध्याशी वागणं हे स्वभावाच्या परीक्षेचं काम आहे. कोपर हलत नाही म्हणून मनगट धरून पिळलं की आतली पिन पिळवटते. सांध्याजवळ बारीक पांढरी रेष उमटलेली दिसली की तिथेच थांबायचं. ती रेष म्हणजे प्लॅस्टिक ताणलं गेल्याची खूण, आणि पुढचा आवाज ‘कट्’ असाच येतो. अशा वेळी गरम पाण्यात मिनिटभर धरून, सांध्याच्या अगदी लगत दोन्हीकडून पकडून, थोडं पुढे थोडं मागे असं हलवत जायचं. बहुतेकदा आत रंगच चिकटलेला असतो, तो सुटतो. नंतर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. शिवणयंत्राचं तेल घरात असतं म्हणून तेच वापरतात, पण ते खनिज तेल आहे आणि काही प्लॅस्टिकं त्याने ठिसूळ होतात.

उलट दुखणं सैल सांध्याचं. गरम करून गोळा बाहेर काढा, त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वॉर्निशचा पातळ हात द्या, पूर्ण दिवस वाळू द्या आणि परत बसवा. नेलपॉलिशचा सल्ला देणारे भेटतील. त्यातली द्रावणं प्लॅस्टिकला चावतात, आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर एबीएसला अक्षरशः विरघळवतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने सांधा घट्ट होण्याऐवजी कायमचा बसतो, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरकी साय धरते ती वेगळी.

कपाटात कुणाला हात लावू न देणाऱ्यांची फिगर जास्त टिकते, हा समज सगळीकडे आहे. तो खरा नाही. मऊ पीव्हीसीत मऊपणासाठी मिसळलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. हवा खेळती असेल, अधूनमधून पुसलं जात असेल तर कळतही नाही. खोक्यात हवाबंद ठेवलेली फिगर मात्र दहा वर्षांनी उघडली की हाताला गूळ लागल्यासारखी चिकचिक येते. उपाय साधा: कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बाळाचा मऊ टूथब्रश, आणि सावलीत दिवसभर वाळवण. पोकळ पायांत पाणी साठतं, ते झटकून काढा. न हाताळण्याचा तोटा सांध्यांनाही होतो. महिनोन्‌महिने एकाच पोजमध्ये ठेवलेला सांधा त्याच पोजमध्ये धरतो.

हाताळलेली वस्तू जास्त टिकते याचं उत्तम उदाहरण आपल्याच घरात आहे, कापडात गुंडाळून माळ्यावर. उभ्या गौरी. मुखवटे वेगळे, हात वेगळे, स्टँड वेगळा, वर कापडी पोशाख. यांत आणि फिगरच्या खोक्यातून निघणाऱ्या, बदलून लावायच्या जादा डोक्यांत, जादा पंजांत तत्त्वाचा काही फरक नाही. वर्षातून एकदा त्यांना काढतात, पुसतात, जोडतात, नेसवतात, तीन दिवसांनी सोडवून परत ठेवतात. म्हणून पणजीच्या वेळचे मुखवटे अजून आहेत.

पंज्यांवरून आठवलं. सुटे पंजे हरवण्यासाठीच जन्माला येतात. रोजच्या गोळ्या ठेवायचा सात कप्प्यांचा डबा मिळतो, तो यासाठी उत्तम: एका कप्प्यात एका नायकाचे हात. बदलताना मनगट आधी हेअर ड्रायरने कोमट करा, नाहीतर पंजा निघतो पण खुंटी आतच राहते.

पावसाळ्यात कापडी आणि रेक्झिनच्या पोशाखांकडे लक्ष हवं. चामड्यासारखं दिसणारं पॉलियुरेथेन दमट हवेत आपलं आपण विघटत जातं, आणि बाराइंची महागड्या फिगरचं जाकीट कोंडा झाल्यासारखं गळू लागतं. यावर इलाज नाही, लांबवणं आहे: सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या महिन्याला बदलायच्या. कपड्यांच्या सवयीने डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. छातीत दिवा लागणारा आयर्नमॅन असेल तर बटणसेल काढून ठेवा. सेल गळून हिरवट-पांढरा थर धरलाच तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा, मग साध्या पाण्याची ओली काडी, आणि कोरडं.

किमतीबद्दल कुरकुर रास्त आहे. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे स्वस्त नक्कल भुरळ घालते. ती ओळखायची असेल तर तळव्याखाली किंवा पाठीवर कोरलेली कंपनीची बारीक अक्षरं शोधा आणि डोळे बघा. नकली फिगरची बुबुळं हमखास दोन वेगळ्या दिशांना पाहत असतात.

आणि सुट्टीत मामाकडे आलेली पोरं. ती कपाटापाशी येणारच. सगळ्यांत खालच्या खणात जाड हातापायांची, तलवार-ढाल नसलेली, केप नसलेली मंडळी ठेवा, आणि त्या खणाला कुलूप लावू नका. हल्क तिथेच शोभतो. संध्याकाळी आवरताना एखादा पंजा कमी भरला तर आधी दिवाणाखाली बघा, मग शेव-उसळीच्या रिकाम्या वाटीत.