पाटेवाली कमॅरो सुटताना मागून का नाचते?

शेव्हरलेची १९६७ची कमॅरो ड्रॅग शर्यतीच्या रेषेवरून जोरात सोडली की मागची चाकं पकड घेण्याऐवजी टणाटण उड्या मारतात. मागे दोन्ही बाजूंना एकेकच पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग, आहे, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. कंपनीलाही हे ठाऊक होतं. म्हणून त्या वर्षीच्या ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना उजव्या बाजूला एक जादा रॉड दिला होता. १९६८ला अशा इंजिनांसाठी अनेक पाट्यांचा संच आला, शिवाय एक शॉकॲब्सॉर्बर एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे गेला. त्यामुळे एक्सल पिळायला लागला की एक शॉक दाबला जातो, दुसरा ताणला जातो आणि दोघे मिळून त्याला रोखतात.

पिळण्याचा हा जोर किती? इंजिन ४०० न्यूटन-मीटरचं, पहिला गिअर २.५२, डिफरन्शियल ३.७३ धरलं तर गुणाकार ३,७६० न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलाची जोडणी) त्यात आणखी भर घालतो. चाकं पुढे फिरतात तेव्हा हौसिंग, म्हणजे एक्सलचं कवच, उलटं फिरू पाहतं आणि पिनियनचं (शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचं) नाक वर उचलतं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग ‘एस’सारखा वाकतो, टायर निसटला की सुटतो, परत वाकतो. उड्या म्हणजे हेच.

दुसरा जोर आडवा आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. शाफ्टमधून येणारे ४०० गुणिले २.५२, म्हणजे १,००८ न्यूटन-मीटर, एक्सलला मागून पाहिल्यास डावीकडे दाबतात आणि उजवीकडे उचलतात. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. उजव्या चाकावरचा सुमारे ६८ किलो भार कमी होतो, तेवढाच डावीकडे वाढतो. बॉडी उलट कलते, त्यामुळे यातला काही भाग मागच्या पाट्यांतून परत मिळतो, पण सगळा नाही. साधं डिफरन्शियल असेल तर उजवं चाक एकटंच धूर काढतं ते यामुळेच.

मागची बाजू खाली बसली म्हणजे वजन मागे आलं, हा समज डोक्यातून काढून टाका. १,६०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, व्हीलबेस २७४ सेंटिमीटर आणि त्वरण ०.७३ जी असेल तर साधारण २३४ किलो मागे जातात, मग गाडी बसो वा उठो. सस्पेन्शनच्या हातात इतकंच असतं की तो भार टायरवर किती लवकर पोचतो आणि दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो का. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या गाडीला टाकतात तसा जादा पाटा टाकूनही काम होत नाही. कडक हवा आहे तो फक्त पुढचा अर्धा भाग. मागचा अर्धा मोकळाच हवा. म्हणून अनेक पाट्यांच्या संचात पुढच्या भागावर दोन क्लॅम्प घट्ट बसवतात आणि मागचे क्लॅम्प सैल करतात.

कामाला लागण्यापूर्वी पुढच्या पाटा-पॉकेटचे, म्हणजे पाट्याचं पुढचं टोक बॉडीला धरणाऱ्या खोबणीचे, बोल्ट बघा. त्यांचे नट बॉडीच्या आत पिंजऱ्यात बसलेले असतात. गंज असेल तर बोल्ट फिरवताच पिंजऱ्यासकट नट फिरतो आणि मग वरून पत्रा कापावा लागतो. आदल्या दिवशी गंजतेल मारून ठेवा. पॉकेटचा पत्रा चिरलेला असेल तर आधी वेल्डिंग, कारण पुढचा सगळा जोर तिथेच येणार आहे.

पाट्याचं हे पिळणं रोखायला बार लावतात. साधे बार, म्हणजे पाट्याखाली बांधून टोकाला रबर असलेले, स्वस्त असतात आणि नीट बसवले तर उपयोगीही. रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल वळीच्या) बरोबर खाली टेकायला हवं. ते मधेच पाट्यावर आदळत असेल तर मुख्य पाटा वाकणार हे नक्की. माझ्या मते पैसे असतील तर थेट कॅलट्रॅक्ससारखी जोडणी घ्यावी. तिच्यात एक्सलखालचा रॉड पुढे ढकलला जातो, डोळ्याच्या बोल्टवरचं तिकोनी ब्रॅकेट फिरतं आणि पाट्याला वरून दाबतं. जो जोर पाटा पिळत होता तोच आता टायर जमिनीत दाबतो.

रॉडची लांबी गाडी चाकांवर उभी असताना, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्याइतकं वजन ठेवून जुळवा. दोन्हीकडची ढिलाई हाताने संपवा, मग फक्त उजवा पाव फेरा घट्ट करा. सुटताना गाडी उजवीकडे ओढत असेल तर आणखी पाव फेरा, डावीकडे ओढत असेल तर थोडं मागे. डोळ्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे) बोल्टही गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. गाडी लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतं.

यानंतर पिनियनचा कोन. शाफ्टच्या रेषेच्या तुलनेत नाक खाली असलं पाहिजे: साध्या बारांना ५ ते ७ अंश, कॅलट्रॅक्सला २ ते ४. कोन बदलायला एक्सल आणि पाट्यामध्ये पाचर घालतात. ती स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची तडकते. या गाडीत एक्सल पाट्याच्या वर बसतो, त्यामुळे नाक खाली आणायला पाचरेची जाड बाजू मागे येते. उलटी बसवली तर नाक वर जातं आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, लवकर खलास होतो.

शॉक सगळ्यात शेवटी. फोन जमिनीलगत ठेवून बाजूने स्लो-मोशन घ्या, टायर आणि रिमवर सलग एक खडूची रेघ मारून, म्हणजे चाक कधी घसरतं ते दिसेल. पहिल्या क्षणी पकड लागून दोन-तीन मीटरवर टायर सुटत असेल तर एक्सल फार जोरात आपटून उसळतोय. मागच्या शॉकचं उघडणं, म्हणजे ताणलं जाताना होणारा विरोध, दोन क्लिक कडक करा. टायर पहिल्याच क्षणी घसरत असेल तर तेच सैल करा. दोन बदल एकदम करू नका. ड्रॅग रेडियलमध्ये (शर्यतीच्या मऊ, चिकट टायरमध्ये) हवा १६ ते १८ पीएसआयपासून सुरू करा आणि दोन्हीकडे सारखीच ठेवा, नाहीतर व्हिडिओत दिसणारा दोष शॉकचा की हवेचा हे कळणार नाही. पहिल्या चार-पाच वेळा गाडी सोडल्यावर पाटा एक्सलला आवळणाऱ्या प्लेटचे आणि रॉडचे सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. रबरी गाद्या दबल्या की ते हमखास सैल होतात.