वार्षिक सभा मागून मोजा: सोसायटीचं कॅलेंडर आणि कामांची यादी

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, हे प्रत्येक सेक्रेटरीला पाठ असतं. बरेच जण फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेला नोंदही करून ठेवतात. तिचा उपयोग शून्य. ती वाजेपर्यंत सभा घ्यायची वेळ टळलेली असते, कारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी निघावी लागते, सोबत हिशेबपत्रकं आणि लेखापरीक्षण अहवाल लागतो, आणि अहवाल मागायला गेलं की ऑडिटर आपल्यालाच विचारतो, बँकेचं स्टेटमेंट कुठाय?

गूगल कॅलेंडर आणि गूगल टास्क्स ही जोडी फुकट आहे आणि सोसायटीच्या कारभाराला पुरते. फक्त कोणती गोष्ट कुठे जाते ते आधी ठरवायला हवं. जे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी होणारच आहे (सभा, लिफ्टची तपासणी, विम्याची मुदत) ते कॅलेंडरवर. जे कुणीतरी बसून करायचं आहे ते टास्क्समध्ये. आणि टास्कला तारीख द्यायची ती काम हातात घेण्याची. मुदत टास्कच्या नावातच लिहायची: ‘सभेची नोटीस छापायला देणे (१२ सप्टें.च्या आत वाटप)’.

२०२६ सालाचंच उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबरला बुधवार आहे, म्हणजे शेवटचा सोयीचा रविवार २७ सप्टेंबर. त्याच्या आधीचा रविवार, २० तारीख, गणपतीत जातो. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे. (२७ ला पितृपक्ष लागतो म्हणून कुणीतरी कुरकुरणारच. ताळेबंद मंजूर करायला मुहूर्त लागत नाही.) पूर्ण १४ दिवस मोजताना नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. १३ ते २६ हे चौदा दिवस झाले, म्हणजे नोटीस उशिरात उशिरा शनिवारी १२ ला वाटली गेली पाहिजे. दोन दिवसांवर गणपती, अर्धी बिल्डिंग कोकणात जायच्या गडबडीत. तेव्हा प्रत्यक्ष वाटप ९ आणि १० ला ठेवा. छपाईला ७ ला द्यायचं, तर विषयपत्रिका आणि हिशेब मंजूर करणारी कमिटीची बैठक रविवारी ६ ला. त्या बैठकीची तीन पूर्ण दिवसांची नोटीस २ ला. लेखापरीक्षण अहवाल ३१ जुलैपर्यंत हातात, आणि ऑडिटरकडे कागद १५ मेपर्यंत. उपविधीत दिवस वेगळे असले तर आकडे बदलतील, मोजायची रीत तीच.

यातल्या दोनच गोष्टी कॅलेंडरवर जातात: ६ ची बैठक आणि २७ ची सभा. बाकी सगळे टास्क, प्रत्येकाला स्वतःची तारीख. ‘वार्षिक सभा’ असा एकच टास्क करून खाली उपकामं लिहिली आणि त्यांना तारखा दिल्या नाहीत, तर ती कॅलेंडरवर दिसतच नाहीत. कॅलेंडरवर उतरतो तो फक्त तारीख असलेला टास्क. तेही संगणकावर डावीकडच्या यादीत ‘टास्क्स’समोर खूण असेल तर. ‘सगळं गायब झालं’ या तक्रारीत आधी हीच खूण तपासा.

टास्कचं नाव क्रियापदासकट लिहा. ‘लिफ्ट’ हे काम नव्हे. ‘लिफ्ट कंपनीला फोन करून तपासणीची तारीख घेणे’ हे काम. करार क्रमांक आणि फोन नंबर तपशिलाच्या रकान्यात.

आता जे नेहमी फसतं ते. गूगल टास्क्स फक्त त्या खात्याच्या मालकाला दिसतात. सोसायटीचं कॅलेंडर खजिनदाराला शेअर केलंत तरी त्याला बैठका दिसतील, तुमचे टास्क्स दिसणार नाहीत. ‘कॅलेंडरवर टाकलं होतं की’ आणि ‘मला कुठे दिसलं’ हा संवाद इथूनच सुरू होतो. खजिनदाराचं काम त्याच्यापर्यंत पोचवायचं असेल तर ते सामायिक कॅलेंडरवर दिवसभराची नोंद म्हणून टाका आणि नावाआधी जबाबदारी लिहा: ‘खजिनदार: ऑडिटरला व्हाउचर फाइल’. अशी कामं फार असतील तर ज्यात यादीच शेअर करता येते असं अ‍ॅप घ्या. टोडूइस्ट किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू, दोन्हींत ती सोय आहे.

सूचनांचंही तसंच. सामायिक कॅलेंडरच्या सूचना ज्याच्या त्याच्या खात्यात वेगळ्या लावाव्या लागतात. सेक्रेटरीचा फोन वाजला म्हणजे अध्यक्षांचाही वाजेल असं नाही. प्रत्येक कमिटी सदस्याचा फोन हातात घेऊन एकदाच तीन गोष्टी करा: अ‍ॅपच्या मेनूत सोसायटीच्या कॅलेंडरवर खूण, त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दिवसभराच्या नोंदींना आदल्या दिवशी सकाळी ९ ची सूचना, आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून कॅलेंडर अ‍ॅपला सूट.

एका नोंदीला जास्तीत जास्त पाच सूचना लागतात आणि सर्वांत लांबची चार आठवडे आधी. इमारतीच्या विम्यासाठी दोन-तीन कंपन्यांची दरपत्रकं मागवायची तर चार आठवडे अपुरे पडतात. तिथे ६० दिवस आधीच्या तारखेला ‘विम्याची दरपत्रकं मागवणे’ असा वेगळा टास्क करा आणि तो दरवर्षी फिरता ठेवा.

फिरत्या नोंदींत आणखी दोन खड्डे आहेत. पहिला ३१ तारखेचा. ‘दर महिन्याच्या ३१ ला’ अशी नोंद केली तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना ती सरळ गाळते. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर. ही गूगलची चूक नाही, कॅलेंडरांच्या सामायिक मानकातच तसा नियम आहे. महिनाअखेरीच्या कामांना २५ किंवा २८ तारीख द्या. दुसरा खड्डा बदल करतानाचा. कमिटीची मासिक बैठक ‘दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी’ अशी लावली आणि दिवाळीमुळे एकच पुढे ढकलली, तर गूगल विचारतं: फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या? ‘सगळ्या’ दाबलं की मागच्या झालेल्या बैठकांच्याही तारखा हलतात, आणि इतिवृत्ताशी कॅलेंडर जुळेनासं होतं. एका महिन्याचा बदल असेल तर ‘फक्त ही’. कायमचा असेल तर ‘ही आणि पुढच्या’. ‘सगळ्या’ला हात लावू नका.

फिरत्या कामांतही दोन जाती असतात. अग्निसुरक्षा यंत्रणेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. गेल्या वेळी आठ दिवस उशीर झाला म्हणून पुढची तारीख सरकत नाही. पाण्याच्या टाकीची सफाई मात्र मागच्या सफाईपासून मोजायची. ती मार्चऐवजी एप्रिलअखेर झाली तर पुढची जुलैअखेर हवी, जूनमध्ये पुन्हा टाकी उपसण्यात अर्थ नाही. गूगल टास्क्स ठरलेल्या तारखांनीच फिरतं. म्हणून टाकीचा टास्क फिरता करू नका. सफाई झाली की त्याच टास्कची तारीख तीन महिने पुढे न्या, आणि ‘झालं’वर टिचकी मारू नका. टोडूइस्टमध्ये याची सोय आहे: ‘एव्हरी’ शब्दापुढे उद्गारचिन्ह टाकलं की ते काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मोजतं, नाही टाकलं तर मूळ तारखेपासून.

मासिक बैठकीच्या आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं यादीसमोर बसा. तारीख उलटलेल्या प्रत्येक कामाला नवी तारीख द्या किंवा ते खोडा. थकलेली कामं लाल अक्षरांत साचली की आठवड्याभरात डोळा त्यांच्यावरून घसरायला लागतो, मग त्यांत खरंच निकडीचं काय ते कळत नाही.

हे सगळं सेक्रेटरीच्या खासगी जीमेलवर करू नका. कमिटी पाच वर्षांची असते आणि राजीनामे त्याआधीही येतात. सोसायटीच्या नावानं वेगळं खातं उघडा, कॅलेंडर आणि टास्क्स तिथेच ठेवा. कमिटी सदस्यांना फक्त पाहण्याची परवानगी, बदल करण्याची अध्यक्ष आणि खजिनदारांना. कार्यभार देताना पासवर्डसोबत खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही बदला. लॉगिनचा कोड जुन्या सेक्रेटरीच्या फोनवर जात राहिला आणि ते मुलाकडे परदेशी गेलेले असले, तर खातं उघडेपर्यंत ऑडिटची मुदत निघून जाते.