समासातला प्रश्न

श्रावणातली सकाळ होती, बाहेर भुरभुर चालू होती. अशा दिवशी वाचनालयात पेपर वाचायला येणारे चार-पाच आजोबा सोडले तर कोणी फिरकत नाही, म्हणून बाइंडिंगला पाठवायची पुस्तकं मी तेव्हाच वेगळी काढते. पुठ्ठा निसटलेली, शिवण उसवलेली, पानं सुटलेली. दाखल क्रमांक बघायचा, पानं सगळी आहेत ना ते मोजायचं, यादी करायची, गठ्ठा बांधायचा. तालुक्याच्या गावातलं आमचं ‘ब’ वर्गाचं वाचनालय. नवी प्रत घेण्यापेक्षा जुनी शिवून घेणं आम्हाला परवडतं.

त्या दिवशीच्या गठ्ठ्यात ‘ट्वायलाइट’ होतं. स्टेफनी मेयर यांची २००५ सालची कादंबरी, सतरा वर्षांची बेला आणि दिसायला सतराचाच पण जन्माने १९०१ सालचा रक्तपिपासू एडवर्ड यांची. एका सभासदाने आपल्या मुलीची पुस्तकं आम्हाला भेट दिली, त्यात ती आली होती. आतली तारखांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली होती. आमच्याकडे इंग्रजी पुस्तकाच्या नशिबी हे सहसा येत नाही.

पानं मोजायला लागले आणि थांबले. ओळींच्या वर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले. आमच्याकडच्या मुली बहुतेक सेमी-इंग्रजीच्या. गणित-विज्ञान इंग्रजीत शिकतात, पण गोष्टीतलं इंग्रजी त्यांना कोणी शिकवत नाही. ‘इर्रिव्होकेबली’ या शब्दावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘माघारी न फिरता येणारं’. शब्दकोशातून उतरवलेला वाटेना तो अर्थ, स्वतः जुळवलेला वाटला. मला फार आवडला.

पुढे अर्थ कमी होत गेले आणि समासात वेगळंच सुरू झालं. निळ्या पेनाने: ‘हा तिला न विचारता तिच्या मागे का जातो?’ त्याखाली हिरव्या शाईत, दुसरं अक्षर: ‘गेला म्हणून तर ती वाचली.’ मग एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, हे उघड होतं ते पान. तिथे पेन्सिलीने: ‘आमच्या खिडकीला गज आहेत.’ त्याखाली हिरवं: ‘आमच्या पण. आणि खोलीत आजी असते.’ महिन्या-महिन्यांच्या अंतराने पुस्तक नेणाऱ्या मुली एकमेकींशी बोलत होत्या. एकमेकींना ओळखत होत्या की नाही, देव जाणे.

पुस्तकात लिहिलं तर दंड आहे, तशी पाटी मीच भिंतीवर लावलेली आहे. पण त्या सकाळी मी पावती पुस्तकाला हात लावला नाही. यादी बाजूला ठेवली आणि वाचत बसले.

या कादंबऱ्यांबद्दल माझं मत तोवर तयार झालेलं होतं, आणि ते न वाचताच झालं होतं असं नाही. मुली मागतात म्हणून मी त्या वाचते. ‘यंग अडल्ट’, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीचं, म्हणून जे छापलं जातं त्यातलं पुष्कळसं मला एकाच साच्यातलं वाटतं. आई-बाप एक तर वारलेले, नाही तर कामात गुंतलेले, नाही तर गावाबाहेर; म्हणजे घर रिकामं. मुलगी स्वतःला सामान्य समजणारी. मुलगा देखणा, तुटक, रागीट, आणि त्या रागाचं कारण म्हणून मागे काहीतरी दुःख. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मुली मोबाइलवर ज्या मराठी कथामालिका वाचतात, त्यांतही मला हाच पुरुष पुन्हा पुन्हा भेटतो, फक्त तिथे तो खडूस बॉस असतो नाही तर खडूस नवरा. रागाला प्रेमाची खूण मानायला शिकवणाऱ्या लिखाणावर माझा खरोखरीचा राग आहे. चुंबनाच्या पानांवरून पालक माझ्याशी भांडायला येतात, त्या पानांनी मला कधी त्रास झाला नाही.

पण सगळंच तसं नाही. जॉन ग्रीनच्या २०१२ सालच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मधली हेझल कॅन्सरने आजारी आहे, प्राणवायूचं नळकांडं बरोबर ओढत फिरते, आणि तिचे आई-वडील मात्र पानोपानी आहेत. मोठं माणूस रडतं, चुकतं, तरी घरात असतं, हे या प्रकारात दुर्मीळ आहे. जेनी हानच्या ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’मध्ये आई नाही, पण बहिणी-बहिणींचं जे आहे ते प्रेमकथेहून सरस आहे. धाकटीच मोठीची, म्हणजे नायिका लारा जीनची, लपवलेली पत्रं टपालात टाकते, यावर आमच्याकडच्या मुली भरभरून बोलतात. रील बघून ‘इट एन्ड्स विथ अस’ मागणाऱ्या नववी-दहावीच्या मुली असतात. ती मोठ्यांची कादंबरी आहे, मारहाण करणाऱ्या नवऱ्याची, आणि मी ती मोठ्यांच्याच कपाटात ठेवते. तो नवरा अर्ध्या पुस्तकापर्यंत इतका हवाहवासा रंगवला आहे की पंधराव्या वर्षी तेवढाच लक्षात राहील, ही माझी भीती.

आणि मुली या पुस्तकांकडे का येतात, याचं मला सापडलेलं एक उत्तर सांगते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ माझी आवडती. तिच्या किती प्रती झिजल्या असतील आमच्याकडे. पण ती जोशीची गोष्ट आहे, नववीतल्या मुलाने सांगितलेली. शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला जोशीच्याच डोळ्यांनी दिसतं. बेला, हेझल, लारा जीन या तिघी ‘मी’ म्हणून बोलतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगते की मला तो आवडला, मला भीती वाटली, माझ्या पोटात गोळा आला. मराठीत असं सांगणारी मुलगी शोधायला मी आमची कपाटं पालथी घातली आहेत, हाती फार थोडं लागलं. मग ती मुलगी अमेरिकेतल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात भेटली तर आमच्या मुली तिथे जातात. शब्दांवर पेन्सिलीने अर्थ लिहीत जातात.

शेवटच्या काही पानांपैकी एका पानावर, चित्रकलेच्या पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

‘माझ्या मागे पण एक जण येतो. क्लासपासून आमच्या गल्लीपर्यंत. रोज. बोलत नाही. चार महिने झाले. हे पण तेच असेल का?’

त्याखाली काही नव्हतं.

मी तारखांची चिठ्ठी बघितली. शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची. देवघेव नोंदवही काढली, सभासद क्रमांक मिळाला, खातं वडिलांच्या नावावर. मोबाइल नंबर त्यांचाच. फोन उचलला आणि परत ठेवला. बावीस वर्षं या टेबलावर बसते आहे. अशा वेळी घरात पहिलं काय बंद होतं ते मला माहीत आहे. क्लास बंद होतो. मग वाचनालय बंद होतं. मागे येणारा मोकळा फिरतो आणि मुलगी घरात बसते.

शेवटी मी फोन केला आणि खरी असलेली एकच गोष्ट सांगितली: तुमच्या मुलीने या मालिकेतलं पुढचं पुस्तक मागून ठेवलं होतं, ते परत आलंय, संध्याकाळी पाठवा.

पाच वाजता ती आली. रेनकोटमधून पाणी गळत होतं, दप्तर पोटाशी धरलेलं. दहावीतली. मी तिला आत, बालविभागात नेलं, तिथे त्या वेळी कोणी नसतं. शिपाईकाकांना चहा सांगितला. ‘ट्वायलाइट’ टेबलावर ठेवलं, पण ते पान उघडलं नाही.

“कसं वाटलं गं पुस्तक?”

“मस्त आहे मॅडम.” मग थोडं थांबून, “तो तिची किती काळजी घेतो.”

“मला तो तिच्या मागे मागे जातो ते नाही आवडलं.”

तिने एकदम वर बघितलं. “पण त्यामुळेच तर ती वाचते ना. त्या दुसऱ्या गावात ते चार जण तिला गाठतात तेव्हा.”

“त्या चौघांना तिथे कोणी आणलं?”

“कोणी म्हणजे?”

“लेखिकेने. त्याचा पाठलाग बरोबर ठरावा म्हणून तिने त्याच संध्याकाळी, त्याच रस्त्यावर ते चार जण उभे केले. पुस्तकात तसं करता येतं. पुढच्या एका भागात तो तिच्या गाडीचं इंजिन बिघडवून ठेवतो, तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून. तेही काळजीच्याच नावाखाली येतं.”

ती गप्प राहिली. चहा आला, तिने कप दोन्ही हातांत धरला. मग मी विचारलं, “तो मागे येतो तेव्हा तुला छान वाटतं की भीती वाटते?”

कोण, असं तिने विचारलं नाही. पुस्तकाकडे बघत म्हणाली, “दोन्ही. पुस्तकात पण दोन्हीच लिहिलंय.”

या उत्तरावर मी आजही अडते. कारण ती बरोबर होती. भीती आणि ओढ यांची गाठ त्या कादंबरीत इतकी घट्ट मारली आहे की एक सुटली तर दुसरी उरतच नाही. लेखिकेचं कसब म्हणाल तर तेच, आणि माझी तक्रार म्हणाल तर तीच.

“एडवर्ड बेलाशी तासन् तास बोलतो,” मी म्हटलं. “तिला काय आवडतं, काय नाही, सगळं विचारतो. हा तुझ्याशी काय बोलला?”

“काहीच नाही.”

“नाव?”

“माहीत नाही.”

“शाळेतला आहे?”

“नाही मॅडम. मोठा आहे. पंचवीसचा असेल. बुलेट आहे.” आणि मग खूप हळू, “मागच्या आठवड्यापासून दोघं असतात.”

तिच्या हातातला कप मी काढून घेतला, कारण तो हलायला लागला होता.

घरी कोणाला सांगू, हे मी तिलाच ठरवू दिलं. वडील नको. आईला सांगितलं की वडिलांना कळणार. बऱ्याच वेळाने म्हणाली, मामी. मामी गावातच, दूध डेअरीत कामाला. तिच्यासमोरच मी मामींना फोन लावला. अर्ध्या तासात त्या आल्या, ओल्या छत्रीसकट थेट आत.

“पण मॅडम, त्याने अंगाला हात नाही लावलेला,” त्या म्हणाल्या. “पोलिस तक्रार घेतील का?”

घेतील, मी म्हटलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या ११ व्या कलमात, लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा वारंवार पाठलाग करणं, तिच्यावर पाळत ठेवणं हाच लैंगिक छळ धरला आहे. हात लावेपर्यंत थांबायची गरज नाही. आणि मला कळलं आहे म्हणजे मलाही गप्प बसता येत नाही, माहिती देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक मी एका कागदावर लिहून मुलीला दिला. तिने तो पुस्तकाच्या पानात ठेवला, मग काढून कंपासपेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी पोलिस ठाण्यात गेलो. महिला हवालदारांनी नीट ऐकून घेतलं. गाडीचा नंबर मुलीच्या पाठच होता, चार महिने रोज ऐकू येणाऱ्या गाडीचा नंबर पाठ होतोच. क्लासच्या रस्त्यावर पथकाची गाडी उभी राहायला लागली, दोघं सापडले, पुढची कारवाई झाली. त्याबद्दल इथे जास्त लिहिणं बरं नाही. घरी व्हायचं ते झालं, वडिलांनी क्लास बंद करायचं काढलं. मामी तीन दिवस त्यांच्याकडे ठाण मांडून बसल्या. क्लास चालू राहिला, पण दोन महिने तिला लांबच्या रस्त्याने जावं लागलं. रस्ता तिने का बदलायचा, हा प्रश्न तिने मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे प्रकरण नावाशिवाय संचालक मंडळापर्यंत पोचलं. एका संचालकांचं म्हणणं पडलं की असली पुस्तकंच काढून टाका, त्यांच्यामुळेच मुलींच्या डोक्यात हे भरतं. मी समासाबद्दल कोणालाच काही दाखवलं नाही, तो मुलींचा खासगी मजकूर होता. एवढंच म्हटलं की त्या मुलीला चार महिन्यांत घरी, शाळेत, क्लासमध्ये कुठेही हे बोलता आलं नाही. जिथे बोलता आलं ती जागा काढू नका. पुस्तकात चुकीचं आहे हे मला मान्य आहे. ते चुकीचं आहे असं तिला म्हणणारं कोणीतरी पुस्तकाशेजारी हवं होतं, आणि त्यात मी चार महिने उशीर केला. ठराव झाला नाही.

बाइंडरने विचारलं, पेन्सिलीचं खोडून देऊ का? मी नको म्हटलं. शेवटी आठ कोरी पानं शिवून घेतली.

पुस्तक शिवून आलं, कपाटात लागलं, कोणीतरी नेलं, परत आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते माझ्या हातात आलं तेव्हा मी आधी मागची पानं उघडली. पहिल्या कोऱ्या पानावर हिरव्या शाईत एकच ओळ होती.

‘जिच्या मागे तो यायचा ती ठीक आहे का?’

टेबलावरचं पेन उचललं आणि त्याखाली लिहिलं: ‘आहे.’