पिळलेला टॉवर आणि मामांचा प्रश्न

मुंबईहून कुणीही पाहुणा आला की बुर्ज खलिफाच्या आधी मी त्याला दुबई मरीनाला नेते, कायान टॉवर बघायला. ३०० मीटरपेक्षा उंच, सत्तरच्या वर मजले, सगळे राहायचे फ्लॅट आणि आख्खी बिल्डिंग खालपासून वरपर्यंत ९० अंशात पिळलेली. २०१३ मध्ये उघडली, डिझाइन एसओएम या अमेरिकन आर्किटेक्ट कंपनीचं, म्हणजे बुर्ज खलिफा ज्यांनी केला तेच.

यावेळी लालबागचे मामा आले होते. त्यांनी आयुष्यभर शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे उभारायची कामं घेतली, गिरण्या जाऊन तिथे टॉवर उभे राहिले त्यातल्या काहींचे स्लॅब त्यांच्याच माणसांनी भरलेत. बाकीचे लोक सेल्फी काढतात, मामा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, पण वरचा कॉलम बसलाय कशावर?"

खरा प्रश्न हाच आहे! आपल्याकडे कॉलम खालून वर सरळ जातो, मध्येच बाजूला सरकवायचा तर खाली जाडजूड बीम द्यावा लागतो, आणि तसं दर मजल्यावर कोण करणार. इथे प्रत्येक मजला खालच्यापेक्षा फक्त १.२ अंश फिरवलाय, पत्त्यांचा कॅट थोडा थोडा फिरवत नेल्यासारखा. मध्यापासून २० मीटरवर १.२ अंश म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर, हिशोब करून बघा. एवढंच सरकायचं असल्यामुळे कडेचे कॉलम मजल्यागणिक जरासे तिरके होत वर चढतात आणि वजन खाली उतरत राहतं. मधला गोल कोर, म्हणजे बिल्डिंगचा काँक्रीटचा गाभा, मात्र एकदम सरळ, लिफ्ट त्यातच. आणि गंमत म्हणजे मजल्याचा प्लॅन तोच राहतो, कॉलम त्या त्या मजल्याच्या प्लॅनमध्ये त्याच जागी येतात, त्यामुळे शटरिंगही पुन्हा पुन्हा तेच वापरता येतं. हे ऐकल्यावर मामांचा चेहरा बघायला हवा होता.

पण हे फुकट मिळत नाही हं. कॉलम तिरके असले की बिल्डिंगचं स्वतःचं वजनच तिला आणखी पिळायला बघतं, वारा नसतानाही. तो पीळ कोरने झेलायचा, शिवाय काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं तेही आधीच धरायचं. स्वीडनमधल्या माल्मोचा टर्निंग टॉर्सो बघा, २००५ चा, १९० मीटर, स्पॅनिश आर्किटेक्ट सांतियागो कालात्राव्हाने आपल्याच एका शिल्पावरून केलेला. पाच-पाच मजल्यांचे नऊ ठोकळे एकावर एक फिरवलेत आणि कोरची भिंत तळाशी अडीच मीटर जाड, वर पोचेपर्यंत ४० सेंटीमीटर! कॅनडात मिसिसॉगाला चिनी आर्किटेक्ट मा यानसाँगच्या मॅड कंपनीच्या दोन टॉवरमध्ये तर कॉलमऐवजी काँक्रीटच्या भिंतीच मजल्याच्या आकाराप्रमाणे लांब-आखूड होत जातात, त्यातला उंच टॉवर एकूण २०९ अंश फिरलाय.

मग एवढा खटाटोप कशाला? कायानमध्ये खालचे मजले मरीनाकडे तोंड करतात आणि वरचे समुद्राकडे, हे एक. दुसरं कारण वारा, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. सरळ टॉवरच्या दोन्ही बाजूंनी वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने एका तालात सुटतात आणि बिल्डिंग आडवी डोलायला लागते, पिळलेल्या आकारावर प्रत्येक उंचीला भोवरे वेगळे सुटतात, ताल जमतच नाही. शांघाय टॉवर याच हिशोबाने फिरवलाय, वाऱ्याचा भार जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाला.

मामांनी लगेच विचारलं की वरळीला, दादरला समुद्रावर असं का नाही. माझं स्पष्ट मत सांगते, खूप उंच आणि भर वाऱ्यातला टॉवर असेल तर विचार जरूर करावा, पण रिडेव्हलपमेंटच्या वीस-बावीस मजल्यांना नुसत्या शोभेसाठी पीळ देऊ नये, तिथे सरळ कॉलम आणि चांगला उजेडच हवा, जास्तीचा खर्च शेवटी राहणाऱ्यांच्याच माथी येतो.

इकडे आलात तर टॉवरच्या पायथ्याशी उभे राहू नका, तिथून फक्त काच आणि पत्रे दिसतात. पाण्याच्या पलीकडच्या बाजूला जा, संध्याकाळी पाचनंतर, कोपऱ्यातली एकच कड पकडा आणि मजला मजला करत वर बघत जा, निम्म्यात ती कड दुसऱ्या बाजूला वळलेली दिसते.