‘टोटोरो’ पहिल्यांदा कधी लागला?

मुलांना चित्रपट दाखवणाऱ्या एका मंडळाची माहितीपत्रिका मी लिहीत होतो. प्रत्येक चित्रपटाला एकच ओळ: मूळ नाव, दिग्दर्शक, देश, साल, लांबी. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’ या अ‍ॅनिमेशनपटापाशी गाडी अडली. एका यादीत साल १९८८, एका इंग्रजी परिचयात १९९३, डीव्हीडीच्या माहितीत २००६. लांबी कुठे ८६ मिनिटं, तर कुठे ८३.

आधी लांबीचा गुंता सोडवला, कारण तो सोपा होता. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो. युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत तोच सेकंदाला २५ फ्रेमनी पळवतात. कात्री कुठेच लागत नाही, पण ८६ मिनिटांचा चित्रपट साडेब्याऐंशीच्या आसपास संपतो. म्हणजे ८३ लिहिणाऱ्याने बहुधा घड्याळ बरोबरच लावलं होतं, फक्त प्रत वेगळी होती. पत्रिकेत ८६ घेतलं.

सालाचं तसं नव्हतं. तिन्ही सालांना काही ना काही आधार होता, त्यामुळे एक खरं मानून बाकीची खोडता येईनात. मग मी प्रत्येक सालाला तेच तीन प्रश्न विचारायला लागलो: कुठे, कोणत्या भाषेतली प्रत, आणि थिएटरात की घरी? २००६ लगेच बाजूला झालं. ते डिस्नेने नव्या इंग्रजी आवाजांसह काढलेल्या डीव्हीडीचं साल. १९९३ हे अमेरिकेतल्या थिएटरांचं. ७ मे १९९३ रोजी फिफ्टिएथ स्ट्रीट फिल्म्सने तो तिथे लावला. पण त्यातले इंग्रजी आवाज त्याहून जुने आहेत. स्ट्रीमलाइन कंपनीने ते आधीच केले होते, जपानी विमान कंपनीच्या लांबच्या उड्डाणांत दाखवण्यासाठी. म्हणजे थिएटरात लागण्याआधीच काही प्रवाशांनी आभाळात बसून इंग्रजी टोटोरो पाहिला होता! अशा खेळाला ‘प्रदर्शन’ म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. मी म्हणत नाही. प्रदर्शन म्हणजे तिकीट काढून कोणालाही आत जाता यावं.

उरलं १९८८, आणि तिथे नुसत्या सालावर थांबायचं नव्हतं. जपानी कागदांत साल पुष्कळदा सम्राटाच्या कालगणनेत असतं. शोवा ६३ दिसलं की त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे १९८८. तारीख १६ एप्रिल. ती पडताळायला मला वाराची युक्ती फार आवडते. १६ एप्रिल १९८८ ला शनिवार होता, आणि त्या काळी जपानमध्ये नवे चित्रपट बहुधा शनिवारीच लागत. ७ मे १९९३ शुक्रवार निघाला, तो अमेरिकेतला नव्या चित्रपटांचा वार. दूरचित्रवाणीवर तो पहिल्यांदा २८ एप्रिल १९८९ ला दाखवला, तोही शुक्रवार, आणि निप्पॉन टीव्हीचा चित्रपटांचा कार्यक्रम शुक्रवारचाच. वार जुळला म्हणून तारीख सिद्ध होत नाही, पण जुळला नाही तर कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की कळतं.

पोस्टरला मात्र मी दुय्यम पुरावा धरतो. पोस्टर चित्रपट लागण्याआधी छापलं जातं, त्यावर बेत असतो, घडलेलं नसतं. याचं पोस्टरच बघा ना. पावसात बसथांब्यावर टोटोरोशेजारी एकच मुलगी उभी आहे. चित्रपटात दोघी बहिणी आहेत, सात्सुकी आणि मेई. मियाझाकींच्या सुरुवातीच्या कल्पनेत मुलगी एकच होती, पुढे तिच्या दोघी झाल्या, पण पोस्टरवर राहिली ती मात्र दोघींची मिळून झालेली एकटी. त्यापेक्षा नंतरच्या नोंदी भरवशाच्या. ‘किनेमा जुन्पो’ या जपानी नियतकालिकाने १९८८ सालचा सर्वोत्तम जपानी चित्रपट म्हणून टोटोरोलाच निवडलं. जो त्या वर्षी लागलाच नाही, तो त्या वर्षाच्या यादीत पहिला कसा येईल?

तारीख पक्की झाली तरी ‘मूळ प्रदर्शन’ पूर्ण होत नव्हतं. तोहो या वितरक कंपनीने त्या शनिवारी टोटोरो एकटा लावला नव्हता. सोबत इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ होता, दोन्ही एकाच तिकिटात, जवळजवळ तीन तासांचा खेळ. एकात जंगलातला केसाळ, झोपाळू प्राणी आणि दुसऱ्यात युद्धात उपाशी मरणारी भावंडं. परदेशात ही जोडी फारशी माहीत नाही, आणि त्याचं कारण पैशात आहे. टोटोरोला पैसा तोकुमा शोतेन या प्रकाशन संस्थेचा होता, दुसऱ्याला शिन्चोशा या दुसऱ्या प्रकाशन संस्थेचा. १९९६ साली तोकुमाने, हे दोन्ही चित्रपट बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीच्या चित्रपटांसाठी डिस्नेशी करार केला, तेव्हा शिन्चोशाचा चित्रपट त्यात आला नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि परदेशी नोंदींतून ‘सोबत काय लागलं होतं’ हा रकानाच गळाला.

मी तो पत्रिकेत घातला. मंडळाच्या ताई कच्चा मजकूर वाचता वाचता तिथेच थांबल्या.

“अहो, लहान मुलांच्या पत्रिकेत त्या सिनेमाचं नाव कशाला? उद्या एखादे पालक तो घरी लावून बसतील.”

हरकत रास्त होती. नाव काढलं तर नोंद अर्धवट राहते, ठेवलं तर कोणाच्या तरी पाच वर्षांच्या पोराची झोप उडते. शेवटी ओळ अशी छापली: “जपान, १६ एप्रिल १९८८, वितरक तोहो, ८६ मिनिटं, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’सोबत प्रदर्शित (तो चित्रपट मोठ्यांसाठी).” कंसातले शब्द ताईंचे. साल आणि तारखेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.